कापरेकरांचा एच-इंडेक्स



‘संशोधनाची मोजदाद’ हा विषय जाहीर झाल्यापासून काही मंडळींनी दाराजवळच्या खुर्च्या पकडल्या आहेत, हे मला इथून दिसतंय. त्यांना धीर यावा म्हणून आपल्याच गावच्या माणसापासून सुरुवात करतो.

दत्तात्रेय रामचंद्र कापरेकर यांचा जन्म १७ जानेवारी १९०५चा, आपल्या डहाणूतला. वडील कारकून, त्यांना ज्योतिषाचा नाद. आठव्या वर्षी आई गेली. शाळा ठाण्यात झाली, कॉलेज पुण्याला फर्ग्युसनमध्ये. तिथे १९२७ साली स्वतंत्र गणिती कामासाठी रँग्लर परांजपे पारितोषिक मिळालं, १९२९ साली मुंबई विद्यापीठाची बी.एस्सी. झाली, आणि पुढच्या वर्षी ते नाशिकजवळच्या देवळालीला शाळामास्तर म्हणून रुजू झाले. १९६२ साली तिथूनच निवृत्त झाले, १९८६ साली तिथेच वारले. त्यामुळे देवळालीकर त्यांना आपला माणूस म्हणतात आणि त्यात काही खोटं नाही. आपण जन्माचा हक्क सांगायचा.

कागद-पेन्सिल असेल तर काढा, नाहीतर मोबाईल आहेच. मास्तरांचं जन्मवर्षच घेऊ, १९०५. त्यातले अंक मोठ्याकडून लहानाकडे मांडा : ९५१०. आता लहानाकडून मोठ्याकडे : ०१५९. वजाबाकी करा, ९३५१ उरतात. या ९३५१ला पुन्हा तोच न्याय लावा, ९५३१ वजा १३५९, म्हणजे ८१७२. मग येतात ७४४३, ३९९६, ६२६४, ४१७६ आणि शेवटी ६१७४. आता ६१७४वर तीच क्रिया करून पाहा. ७६४१ वजा १४६७, पुन्हा ६१७४! गाडी इथून पुढे हलतच नाही. चारही अंक सारखे नसले की कुठलीही चार अंकी संख्या घ्या, जास्तीत जास्त सात पायऱ्यांत ती इथे येऊन थांबते. १९०५ला बरोब्बर सात लागल्या.

हे कापरेकरांनी १९४९ साली मद्रासच्या गणित परिषदेत सांगितलं. १९५५ साली न्यूयॉर्कहून निघणाऱ्या ‘स्क्रिप्टा मॅथेमॅटिका’त त्यावर त्यांचं छोटंसं टिपण आलं. आज जगभर ६१७४ला ‘कापरेकर स्थिरांक’ म्हणतात.

आता माझा प्रश्न. या माणसाचा संशोधनावर किती प्रभाव पडला, हे मोजायचं कसं?

आजच्या रीतीनं मोजायचं तर ‘एच-इंडेक्स’ काढावा लागेल. हॉर्हे हिर्श नावाच्या भौतिकशास्त्रज्ञानं २००५ साली ही कल्पना मांडली. हिशेब सोपा आहे. तुमच्या दहा निबंधांचा उल्लेख प्रत्येकी निदान दहा वेळा कुणी केला असेल, तर तुमचा एच-इंडेक्स दहा. अकरावा निबंध लाखमोलाचा असला, पण त्याचे दहाच उल्लेख झाले असले, तरी इंडेक्स दहाच. किती लिहिलं आणि किती वाचलं गेलं, दोन्ही एका आकड्यात बसवायचा हा खटाटोप. कॉलेजातल्या कुणालाही विचारा, हा आकडा त्यांना रक्तदाबाच्या आकड्यासारखा तोंडपाठ असतो.

कापरेकरांच्या बाबतीत हे यंत्र सुरुवातीलाच अडखळतं. त्यांची टिपणं एखाद-दोन पानांची. बरंच लेखन पदरमोड करून देवळालीत छापलेल्या पुस्तिकांमधलं. मोजणारी यंत्रं अशा पुस्तिका सहसा लेखकाच्या खात्यावर धरत नाहीत. पीएच.डी. नाही, विद्यापीठ नाही, गाईड नाही, सहलेखक नाही. आपल्याकडच्या पुष्कळ गणितज्ञांनी त्या काळी त्यांच्या कामाला पोरखेळ म्हणून हसण्यावारी नेलं.

इथे मला एक गोष्ट स्पष्ट सांगितली पाहिजे, नाहीतर आपल्या गावचा माणूस म्हणून मी वकिली करतोय असं वाटेल. हसणारे अगदीच चुकले नव्हते. ६१७४ची जादू आपण दहाच्या पटीत मोजतो म्हणून आहे. माणसाला आठ बोटं असती आणि आपण आठाच्या पटीत मोजत असतो, तर या आकड्याला कुणी विचारलं नसतं. अंकांच्या मांडणीवर उभ्या असलेल्या गमती संख्या-सिद्धांताच्या मुळाशी फारशा जात नाहीत, असा गणितज्ञांचा एक जुना, रास्त आक्षेप आहे. पण त्या गमतींच्या खाली कधी कधी पक्की जमीन लागते. ४५चा वर्ग २०२५, आणि २० अधिक २५ पुन्हा ४५. २९७चा वर्ग ८८२०९, आणि ८८ अधिक २०९ म्हणजे २९७. या ‘कापरेकर संख्या’. ९, ९९, ९९९ अशा संख्यांच्या विभाजकांशी त्यांचं थेट नातं आहे, हे डग्लस इआनुची यांनी २००० साली नीट सिद्ध करून दाखवलं. म्हणजे मास्तरांना जे दिसलं होतं ते का दिसलं, हे कळायला इतका काळ जावा लागला. मधल्या काळात त्यांच्या नावावर कुठलं यंत्र काय जमा करणार होतं?

मग त्यांना नाव कुणी मिळवून दिलं? मार्टिन गार्डनर यांनी. ‘सायंटिफिक अमेरिकन’मध्ये ते गणिती करमणुकीचं सदर लिहीत; त्यांची स्वतःची पदवी तत्त्वज्ञानाची होती. मार्च १९७५च्या अंकातल्या सदरात त्यांनी कापरेकरांवर आणि त्यांच्या संख्यांवर लिहिलं आणि सत्तरीत पोचलेला देवळालीचा निवृत्त मास्तर जगाला माहीत झाला. मासिकातलं सदर! आजच्या कुठल्याही प्राध्यापकानं आपल्या मूल्यमापनाच्या फॉर्मवर असा उल्लेख दाखवावा आणि किती पॉइंट मिळतात ते पाहावं.

योगायोग असा की १९७५ हेच वर्ष या मोजदादीच्या इतिहासातही महत्त्वाचं आहे. फिलाडेल्फियाच्या यूजीन गारफिल्ड यांच्या संस्थेनं नियतकालिकांचे ‘इम्पॅक्ट फॅक्टर’ दरवर्षी काढायला सुरुवात केली ती या वर्षापासून. एखाद्या नियतकालिकात मागच्या दोन वर्षांत आलेल्या लेखांचे यंदा सरासरी किती उल्लेख झाले, एवढंच तो आकडा सांगतो. तो नियतकालिकाचा आकडा आहे, लेखाचा नाही, लेखकाचा तर नाहीच. पण आपल्याकडे तो कपाळावर टिळ्यासारखा माणसाला लावतात.

गारफिल्डना मात्र मी दोष देणार नाही. १९५५ साली ‘सायन्स’मध्ये त्यांनी संदर्भसूचीची कल्पना मांडली, तेव्हा डोक्यात पगार-बढती काही नव्हतं. अमेरिकेतले वकील १८७३पासून ‘शेपर्ड्स सायटेशन्स’ नावाची सूची वापरत. एखादा जुना निवाडा पुढच्या कोणकोणत्या निवाड्यांत आधार म्हणून घेतला गेला आणि कुठे फिरवला गेला, हे तिच्यात सापडे. फिरवलेल्या निवाड्यावर कोर्टात उभं राहिलं तर वकिलाचं हसं होतं. विज्ञानातही तसंच व्हावं, चुकीच्या किंवा जुनाट निबंधावर कुणी डोळे मिटून भिस्त ठेवू नये, त्यावर पुढे कुणी टीका केली असेल तर ती वाचकाला सापडावी, हा गारफिल्डचा हेतू. म्हणजे हे मुळात माग काढायचं साधन. १९६४पासून सूची नियमित निघू लागली, आणि माग काढता काढता लोक मोजू लागले.

मोजायचं ते कुणाच्या नावावर, हा आणखी एक घोळ. ज्या संख्येला तिच्याच अंकांच्या बेरजेनं पूर्ण भाग जातो, तिला कापरेकरांनी ‘हर्षद संख्या’ म्हटलं. उदाहरणार्थ १८ : एक अधिक आठ नऊ, आणि नवानं अठराला भाग जातो. १९७७ साली आयव्हन निव्हेन या नामवंत गणितज्ञानं एका परिषदेत अशा संख्यांवर भाषण केलं आणि पुढच्या पुष्कळ निबंधांत त्या ‘निव्हेन संख्या’ झाल्या. दुसरं उदाहरण. १५ घ्या, त्यात १ आणि ५ मिळवा, २१ झाले. म्हणजे १५ ही २१ची जननी. पण २० कुठल्याच संख्येतून अशा रीतीनं निघत नाही, करून पाहा. अशा निपुत्रिक नव्हे, निर्मातृक संख्यांना कापरेकर ‘स्वयंभू’ या अर्थाचं नाव देत. त्यांना ‘देवळाली संख्या’ही म्हणतात. १९७०च्या दशकात कोलंबियाच्या बर्नार्डो रेकामान यांना त्या स्वतंत्रपणे सापडल्या आणि त्या ‘कोलंबियन संख्या’ झाल्या. इथे कुणी कुणाची चोरी केलेली नाही. एकच गोष्ट, तीन नावं, तीन पत्ते. संगणकाला देवळाली आणि कोलंबिया एकच, हे कुणी सांगायचं?

याच्या उलटही होतं. एखादी कल्पना इतकी मुरते की तिचा धनी कोण हे लिहायची गरज कुणाला वाटत नाही. समाजशास्त्रज्ञ रॉबर्ट मर्टन यांनी १९६८ साली या प्रकाराचं नेमकं वर्णन केलं : कल्पना सर्वांत मिसळते, कर्ता पुसला जातो. २०२५ उजाडताना माझ्याही फोनवर वीस अधिक पंचवीसच्या वर्गाचे फॉरवर्ड आले, तुमच्याही आले असतील. त्यातल्या एकात मला कापरेकरांचं नाव दिसलं. बाकीचे ‘शुभ सकाळ’च्या गुलाबाखाली बेवारस फिरत होते. उल्लेख मोजायचे तर कापरेकर आज भल्याभल्या कुलगुरूंना मागे टाकतील. कॉम्प्युटरच्या तासाला ‘हर्षद नंबर ओळखणारा प्रोग्राम लिहा’ हा गृहपाठ मुलं करतातच. पण त्यांची मूळ टिपणं उघडून वाचणारे किती? तेव्हा एच-इंडेक्स काढला तर मास्तर नगण्य, फॉरवर्ड मोजले तर महान गणिती; माझ्या मते ते दोन्ही नव्हते. अंकांवर जीव असलेला, कमालीची तीक्ष्ण नजर असलेला तो शिक्षक होता.

फर्ग्युसनचाच दुसरा माणूस आठवतो, दामोदर धर्मानंद कोसंबी. कापरेकर तिथून बाहेर पडल्यावर काही वर्षांनी कोसंबी तिथे शिकवायला आले. १९४३ साली त्यांनी भारतीय गणित मंडळाच्या नियतकालिकात सांख्यिकीवरचा एक निबंध छापला. त्यातली मुख्य कल्पना पुढे कारहुनेन आणि लोएव्ह या युरोपीय गणितज्ञांच्या नावानं पाठ्यपुस्तकांत गेली. त्यांचं लेखन त्यानंतरचं. आनुवंशशास्त्रात मात्र उलटा न्याय झाला. गुणसूत्रावरची अंतरं मोजण्यासाठी कोसंबींनी १९४४ साली दिलेलं सूत्र आजही त्यांच्याच नावानं चालतं, संगणकाच्या प्रोग्राममध्ये ‘कोसंबी’ असा पर्याय निवडावा लागतो. निवडणाऱ्याला हे कोसंबी ‘इतिहासवाले’ हे बहुधा ठाऊक नसतं. शिवाय या गृहस्थांनी काही गणिती निबंध ‘एस. ड्यूक्रे’ या टोपणनावानं छापले. घ्या आता, काढा एच-इंडेक्स!

टोपणनावाचं सोडा, आपली खरी नावंही या यंत्रांना पचत नाहीत. आपल्या किनारपट्टीवर आद्याक्षर आणि ‘राऊत’ किंवा ‘पाटील’ एवढ्यावर शोध घेतला, तर वनस्पतिशास्त्रापासून वाणिज्यापर्यंत सगळं एकाच माणसानं लिहिलंय असं वाटेल. लग्नानंतर आडनाव बदललेल्या प्राध्यापिकेचं संशोधन दोन बायकांत वाटलं जातं. त्यावर उपाय म्हणून २०१२पासून संशोधकाला एक कायमचा क्रमांक द्यायची सोय झाली आहे, ओआरसीआयडी. जरूर घ्यावा.

आता पॉइंटांकडे येतो, कारण समोर काही प्राध्यापक बसले आहेत आणि त्यांच्या स्थाननिश्चितीच्या फायली कुठे कुठे अडकल्या आहेत याची मला कल्पना आहे. विद्यापीठ अनुदान आयोगानं २०१०च्या नियमावलीत ‘एपीआय’ ही गुणपद्धत आणली आणि वर्षभरात काय काय केलं याला गुण आले. २०१८ची नियमावली तर मला फार आवडते, विनोदी वाङ्मय म्हणून. निबंधाचे दोन लेखक असतील तर प्रत्येकाला सत्तर टक्के. दोनाहून जास्त असतील तर मुख्य लेखकाला सत्तर आणि बाकीच्यांना प्रत्येकी तीस. म्हणजे पाच जणांनी मिळून लिहिलेल्या एका निबंधाचे एकूण १९० टक्के होतात. चार चुलतभावांत चिकूची वाडी वाटताना तलाठ्यानं असा सातबारा काढला असता तर त्याची बदली झाली असती. परिणाम काय होणार हे सांगायला समाजशास्त्रज्ञ नको. निबंधावर नावं वाढली. काही ठिकाणी नावं वाढण्याला खरं कारण असतं हे मान्य. २०१५ साली हिग्ज कणाच्या वस्तुमानावर जो निबंध आला त्यावर ५,१५४ लेखक होते. तेहतीस पानांपैकी नऊ पानं विज्ञान, बाकी चोवीस पानं नावं आणि संस्था. तिथे यंत्र उभारायलाच हजारो हात लागतात. चार पानी सर्वेक्षणाला सहा लेखक कशाला लागतात, हे मला कुणीतरी एकांतात समजावून सांगावं.

पॉइंट आले की दुकानं येतात. पैसे भरा, आठवड्यात छापतो, ‘आंतरराष्ट्रीय’ शब्द फुकट. आयोगाच्या मान्य यादीतच ही दुकानं शिरली होती. पुण्याच्या भूषण पटवर्धन आणि सहकाऱ्यांनी २०१८ साली ‘करंट सायन्स’मध्ये त्या यादीतल्या, विद्यापीठांनी सुचवलेल्या हजाराच्या वर नियतकालिकांची छाननी छापली, ८८ टक्क्यांहून जास्त निकृष्ट किंवा संशयास्पद ठरली. त्यानंतर सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठात कक्ष ठेवून ‘केअर’ यादी आली, आणि २०२५च्या फेब्रुवारीत आयोगानं तीही बंद करून जबाबदारी पुन्हा संस्थांवर टाकली. चांगलं नियतकालिक कुठलं, हे आता कॉलेजांनी स्वतः वाचून ठरवायचं. वाचून! या एका शब्दाला जेवढी माणसं घाबरली, तेवढी कुठल्या इम्पॅक्ट फॅक्टरला घाबरली नसतील.

मराठीत लिहिणाऱ्यांची तर या हिशेबात सरळ गाळणच होते. मोठ्या जागतिक सूच्या मुख्यतः इंग्रजी नियतकालिकांवर उभ्या आहेत. २०१५च्या लायडेन जाहीरनाम्यानं स्थानिक प्रश्नांवरच्या, स्थानिक भाषेतल्या संशोधनाला जपा, असं दहा तत्त्वांपैकी एक तत्त्व म्हणून सांगितलं. आपल्या तालुक्याचं उदाहरण घ्या. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५पासून बोर्डीला आणि १९५७नंतर कोसबाडला जे केलं ते शिक्षणातलं अस्सल संशोधन होतं. मूल शाळेत येत नसेल तर शाळा त्याच्या पाड्यावर, त्याच्या अंगणात न्यायची. करून पाहायचं, फसलं तर बदलायचं, लिहून ठेवायचं, मराठीत. २ ऑक्टोबर १९७५ला केंद्र सरकारची एकात्मिक बालविकास योजना सुरू झाली आणि गावोगावच्या केंद्राला नाव पडलं अंगणवाडी. कुपोषणावरचा कुठलाही इंग्रजी निबंध उघडा, तो शब्द पावलोपावली भेटतो. संदर्भयादीत मात्र ताराबाईंचं नाव मला क्वचितच दिसलं.

आणि वारली चित्रांचं काय? लग्नाचा चौक सुवासिनी लिहितात, धवलेरी गाऊन लग्न लावते. तिचं गाणं, त्यांचा चौक यांचं वर्णन के. जे. सावे यांच्या १९४५च्या ‘द वारलीज’पासून यशोधरा दालमियांच्या १९८८च्या ग्रंथापर्यंत अनेकांनी केलं आणि पुढचे अभ्यासक सावे, दालमिया असे संदर्भ देतात. रीतीप्रमाणे ते बरोबरच आहे. पण माहिती सांगणाऱ्या बाईचं नाव त्या साखळीत कुठे बसायचं? १९७०च्या दशकात भास्कर कुलकर्णींसारखी माणसं पाड्यांवर कागद घेऊन आली, गंजाडच्या जिव्या सोमा मशे यांना १९७६ साली राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, आणि भिंतीवर ज्या चित्राला सही नव्हती त्याला कागदावर सही आली. पद्मश्री २०११ साली मिळाली. एका पुरुषाला श्रेय मिळालं ते योग्यच, त्यांची रेघ त्यांचीच होती. भिंतीवर लिहिणाऱ्या बायका तेव्हाही मोजल्या गेल्या नाहीत आणि आज पाड्यावर येणारा पीएच.डी.चा विद्यार्थीही त्यांना ‘एक माहितगार स्त्री, वय अंदाजे साठ’ एवढ्यावर आटोपतो. तिची हरकत नसेल तर नाव, पाडा आणि तारीख लिहायला पाव मिनिट लागतं. तळासरी-डहाणूवर काम करणाऱ्या विद्यार्थ्यांच्या गाईडनी एवढा एक नियम घालावा. त्याला आयोगाची परवानगी लागत नाही.

दुसरं काम तुम्हा सगळ्यांसाठी. कापरेकरांनी स्वखर्चानं छापलेल्या ‘डेम्लो नंबर्स’, ‘पझल्स ऑफ द सेल्फ नंबर्स’ वगैरे पुस्तिका आता सहजी मिळत नाहीत. नाशिककडे नोकरीला गेलेली माणसं इथल्या घराघरांत आहेत, मास्तरांचे विद्यार्थीही त्यांत असू शकतात. माळ्यावरच्या ट्रंकेत अशी एखादी पुस्तिका निघाली तर ती रद्दीत घालू नका. जवळच्या वाचनालयात आणून द्या, आणि देताना मुखपृष्ठ, वर्ष आणि छापखान्याचं नाव असलेल्या पानाचा स्वच्छ फोटो काढून ठेवा. कारण पुढे कुणाला संदर्भ द्यायचा झाला, तर नेमकं तेच पान वाळवीनं खाल्लेलं असतं.